बॅकअपकाका

जिथे संगणक आला तिथे आज ना उद्या एक बॅकअपकाका उगवतोच. या पदाची जाहिरात निघत नाही, आकृतिबंधात ते बसत नाही. पगारपत्रकावर हा माणूस कुठे कनिष्ठ लिपिक असतो, कुठे लेखापाल, आणि साखर कारखान्यात असला तर बहुधा टाइम ऑफिसात. पण कचेरीत कोणाच्याही हातून काहीही पुसलं गेलं की सगळ्या माना ज्या खुर्चीकडे वळतात, त्या खुर्चीत तो असतो. खुर्ची भिंतीला टेकवलेली. मागून जाता-येता कोणाचा पाय वायरीत अडकू नये म्हणून.

ओळखायला सोपा आहे. जुडग्यात किल्ल्या दोन आणि पेनड्राइव्ह पाच. खिशाला दोन पेनं, दोन्ही निळी, दोन्ही चालतात. घराच्या कुलपाची तिसरी किल्ली शेजाऱ्यांकडे, आणि शेजारी गावाला गेले तर ती कोणाकडे द्यायची हेही ठरलेलं. लग्नाला गेला तर अक्षता टाकायच्या आधी तो फोटोग्राफरला गाठतो आणि कानाशी विचारतो, “कार्डं दोन लावलीत ना?” फोटोग्राफरचा चेहरा पडला की याला जेवण गोड लागतं.

आमच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत जे काका आहेत ते या जातीचा अव्वल नमुना. त्यांचं खरं नाव सभासदांना ठाऊक नाही. एका वर्षीच्या अहवालात कर्मचाऱ्यांच्या यादीतून ते गळलं होतं म्हणे. तर काका अजूनही त्याच्या आधीच्या वर्षीचा अहवाल ड्रॉवरमधून काढून दाखवतात, ज्यात ते आहे.

काकांच्या ताब्यात गोदरेजचं एक कपाट आहे. सगळ्यात खाली फ्लॉपींचे डबे, त्यावर सीडी, वर वेगवेगळ्या काळातल्या हार्ड डिस्क. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि काकांचं टपोरं अक्षर. ‘अंतिम’. ‘अंतिम २’. ‘खरे अंतिम’. ‘ऑडिटपूर्व’. ‘ऑडिटरने सांगितलेले बदल करण्यापूर्वी’. ‘हात लावू नये’. आणि त्याच्याच शेजारी, ‘हात लावू नये (जुने)’. फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावायचं, म्हणून एकच बॅकअप फोडून डझनभर फ्लॉप्यांवर चढवावा लागे, आणि परत उतरवताना नववी फ्लॉपी हटकून कुरकुर करत असे. काकांनी त्या फ्लॉप्या टाकल्या नाहीत. वाचायला यंत्र उरलं नाही, हा त्यांच्या मते यंत्राचा दोष.

काका घडले ते फॉक्सप्रोच्या काळात. नव्वदच्या दशकात पतसंस्था, बाजार समित्या, कारखाने सगळीकडे फॉक्सप्रो होतं, आणि त्या प्रणालीचा एक स्वभाव होता. तिथे ‘डिलीट’ म्हटलं तरी नोंद जात नसे. नोंदीच्या पहिल्या बाइटमध्ये एक फुली-चांदणी उमटायची आणि नोंद जागच्या जागी पडून राहायची. ‘रिकॉल ऑल’ म्हटलं की सगळ्या उठून बसायच्या. कायमचं घालवायचं तर ‘पॅक’ अशी वेगळी आज्ञा द्यावी लागे, आणि ती द्यायचा अधिकार काकांनी आपल्याशिवाय कोणाला दिला नाही. त्यांनीही तो कधी वापरला नाही. त्यामुळे त्या काळात संस्थेतून काढून टाकलेले सभासद, मयत सभासद, चुकून दोनदा नोंदलेले सभासद, सगळे चांदणी लावून फाइलीत नांदत होते. माणसाला चूक कळेपर्यंत वेळ देणारी ही व्यवस्था मला आजही सभ्य वाटते. मायक्रोसॉफ्टने २००७ साली फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा काकांनी बातमीचं कात्रण काढलं. दोन प्रती.

मग मायएसक्यूएल आलं. त्यात ‘ड्रॉप टेबल’ म्हटलं की टेबल गेलं. विचारणा नाही, चांदणी नाही. ओरॅकलवाल्या मोठ्या बँकांकडे टाकलेलं टेबल काही काळ कचरापेटीत राहतं आणि ‘फ्लॅशबॅक’ म्हणून परत बोलावता येतं, हे ऐकल्यापासून काका त्या बँकांबद्दल आदराने बोलतात. आपली संस्था फुकटातलं वापरते, तेव्हा कपाट आपणच सांभाळायचं, असा त्यांचा निष्कर्ष.

काकांचा सण एकतीस मार्च. त्या दिवशी संस्थेचं वर्ष संपतं, आणि २०११ पासून जगभर ‘वर्ल्ड बॅकअप डे’ही त्याच दिवशी पाळतात. काकांच्या लेखी हा योगायोग नाही. वर्षअखेरीच्या नोंदींपूर्वी एक, व्याज टाकल्यावर एक, टाकलेलं व्याज चुकलं म्हणून काढल्यावर एक आणि नफा जुळल्यावर एक, असे बॅकअप ते घेतात. नफा जुळायला उशीर झाला की कपाटात दाटी होते.

चहाच्या वेळी त्यांच्याकडे दोन कथा ठरलेल्या. पहिली पिक्सारची. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कोणीतरी पुसायची आज्ञा दिली आणि पडद्यावरची पात्रं फाइलींसकट नाहीशी होऊ लागली. बॅकअप काढला तर तो नीट चालतच नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला. इथे काका थांबतात आणि म्हणतात, “बघा, बाळंतपणाची रजा नाकारणाऱ्यांनी विचार करावा.” दुसरी कथा गिटलॅबची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका थकलेल्या अभियंत्याने एका सर्व्हरऐवजी दुसऱ्याचा डेटा पुसला. बॅकअपचे पाच मार्ग होते, वेळेला पाचही कामाचे निघाले नाहीत. क्लाउडवरची जागा उघडली तर रिकामी. बॅकअप फसल्याचे इशारे मेलवर जात होते, ते मेलही पोहोचत नव्हते. त्याच अभियंत्याने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, ती उपयोगी पडली. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, हे मात्र काकांना पटत नाही. घरातलं भांडण आहे, दार लावून घ्यावं.

गंमत अशी की या दोन्ही कथांतलं मर्म काकांना स्वतःला लागू आहे, आणि ते त्यांना कधी दिसलं नाही. बॅकअपवाल्यांत दोन पोटजाती असतात, साठवणारे आणि उघडून बघणारे. काका शुद्ध साठवणारे. कपाटातला एखादा बॅकअप सहज उतरवून बघावा असं त्यांच्या मनात येत नसे. “घेणं आपल्या हातात,” ते म्हणत, “परत येणं त्याच्या.” आणि बोट वर करत. वर पंखा होता.

घराबाहेरची प्रतही त्यांनी ठेवली आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा नियम त्यांना पाठ आहे. दुसरी जागा कुठली, यावर त्यांनी पुष्कळ विचार केला. आमचं गाव कृष्णाकाठचं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरलं आणि तळमजल्यावरचे संगणक दुकानांच्या पाट्यांबरोबर बुडाले. काकांची सासुरवाडी विट्याकडे, दुष्काळी पट्ट्यात. लग्न ठरवताना जी गोष्ट उणी म्हणून मोजली गेली होती, ती अशी कामी आली. सासूबाईंच्या ट्रंकेत, इरकली लुगड्याच्या घडीत संस्थेची एक हार्ड डिस्क झोपलेली असते. अधूनमधून काका ती बदलायला जातात. “जावईबापू येतात ते ट्रंकेला भेटायला,” असं सासूबाई म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

आता त्या दिवसाविषयी. संस्थेत एक नवा मुलगा लागला होता, हुशार. त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. त्याच्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या असत, एक सरावाची आणि एक खरी. सरावाच्या खिडकीतलं जुनं टेबल त्याला काढून टाकायचं होतं. त्याने आज्ञा टाइप केली, एंटर मारलं, आणि यंत्राने उत्तर दिलं, ‘क्वेरी ओके, झिरो रोज अफेक्टेड’. टेबल टाकलं की मायएसक्यूएल असंच म्हणतं, शून्य ओळींवर परिणाम. खिडकी खरी होती आणि टेबल होतं जामीनदारांचं.

तालुक्याच्या गावात जामीनदार हा काय प्राणी असतो हे शहरी वाचकाला समजणं कठीण आहे. इथे माणूस कर्ज एकदा काढतो आणि जामीन आयुष्यभर राहतो. साडूला, चुलतभावाला, वर्गमित्राला, ज्याच्या वडिलांनी आपल्या वडिलांना एके काळी बैल दिला होता त्याला. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की दोघांच्याही दारात माणूस उभा राहतो. त्यात कर्जदार घरी सापडत नाही. जामीनदार सापडतो, कारण तो नोकरदार असतो. म्हणून तर त्याला घेतलेलं असतं.

बातमी शिपायाबरोबर चहाच्या टपरीवर गेली आणि तिथून गावात. ‘जामीनदार उडाले.’ दुपारपर्यंत संस्थेत जत्रा. दोन वर्षं संस्थेच्या बाजूचा रस्ता टाळणारे लोक आत येऊन काउंटरवरच्या मुलींची विचारपूस करू लागले. एकाने मारुतीला नारळ फोडला आणि प्रसाद व्यवस्थापकांनाच आणून दिला. एका निवृत्त गुरुजींनी काकांना त्यांच्या वयाची आणि रक्तदाबाची आठवण दिली. “नाही सापडलं तरी चालेल हो,” ते म्हणाले, “जिवाला त्रास करून घेऊ नका.” मीही, निव्वळ चौकशी म्हणून, जाऊन आलो. मेहुण्याच्या पोल्ट्रीला मी जामीन आहे.

खरं तर कोणी सुटलं नव्हतं. सह्या केलेली जामीनपत्रं स्ट्राँगरूममध्ये होती आणि कायद्याला टेबल लागत नाही, कागद लागतो. पण नोटिसा निघतात त्या टेबलावरून, आणि ऑडिट तोंडावर आलं होतं.

काका पहिल्यांदाच सगळ्यांसमोर खुर्चीतून उठले. रोज रात्री आपोआप होणारा बॅकअप काढा म्हणाले. फोल्डर उघडलं. रोजची फाइल होती, नाव बरोबर, तारीख बरोबर. मग काकांनी चष्मा वर केला आणि आकाराचा रकाना वाचला. प्रत्येक फाइल वीस बाइटची. काही महिन्यांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि तो रात्रीच्या आज्ञेला कोणी कळवला नव्हता. ती बिचारी रोज रात्री दारावरून परत फिरत होती, आणि तिच्या मागे उभा असलेला जीझिप हा प्रोग्रॅम, लग्नात रिकामं ताटही रुमालाने झाकून पुढे करणाऱ्या यजमानासारखा, काही नसलेलं नीट दाबून, बांधून ठेवत होता. काहीच नसलेल्याची गाठोडी वीस बाइटची होते.

फाइल आहे एवढंच रोज पाहिलं जात होतं. पाहणारे काकाच होते. ते यावर काही बोलले नाहीत आणि मीही इथे जास्त बोलत नाही.

कपाटातली सगळ्यात ताजी डिस्क लावली तर ती टकटक आवाज करून गप्प झाली. तिच्यावर ‘खरे अंतिम’ लिहिलं होतं. संध्याकाळच्या गाडीने काका विट्याकडे निघाले आणि सकाळी इरकली लुगड्याचा वास येणारी डिस्क घेऊन परतले. तिच्यातला बॅकअप दीड वर्षापूर्वीचा, संचालक मंडळाच्या निवडणुकीआधीचा निघाला. आवाज येत नव्हता. फाइल उघडत होती. काका डिस्क टेबलावर ठेवून तोंड धुवायला गेले. जाताना इंजिनिअरला म्हणाले, “आधी आत्ता जसं आहे तसं त्याचा बॅकअप घे. मोडकं असलं तरी घे. मग कशाला हात लावू नकोस.”

मुलाने पहिलं ऐकलं. दुसरं ऐकलं नाही. आपली चूक आपणच निस्तरावी या उमेदीने त्याने ती जुनी फाइल अख्खीच्या अख्खी चालू डेटाबेसवर सोडली. अशा फाइलीत प्रत्येक टेबलाच्या आधी एक ओळ मुळातच लिहिलेली असते, ‘हे टेबल असेल तर टाका’. म्हणजे जुनं येण्याआधी आजचं जातं. टेबलं येतात इंग्रजी वर्णानुक्रमाने. ए अक्षराचं टेबल संस्थेत नव्हतं, हे तिच्या ठेवीदारांचं नशीब. पहिलं आलं बी, म्हणजे बोर्ड. काका टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि त्यांनी पडदा पाहून नेटवर्कची वायर उपटली, तोवर दीड वर्षापूर्वीचं संचालक मंडळ संस्थेवर पुन्हा आरूढ झालं होतं.

वायर उपटलेली पाहून सगळ्यांना वाटलं संकट टळलं. बोर्डाचं कोणाच्या लक्षात आलं नाही. काउंटर उघडला आणि पावत्या निवडणुकीत पडलेल्या चेअरमनच्या नावाने छापल्या जाऊ लागल्या. त्यांना फोन कोणी केला ते कळलं नाही, पण ते आले, इस्त्रीचे कपडे घालून, आणि व्हिजिटर्सच्या खुर्चीत न बसता उभेच राहिले. पावती हातात घेऊन त्यांनी ती दोनदा वाचली. “यंत्राला कळतं,” एवढंच म्हणाले. सकाळच्या मोडक्या बॅकअपमधून नवं मंडळ परत आणेपर्यंत दोन तास गेले, आणि त्यांनी ते शांतपणे उपभोगले. चहाही घेतला.

त्यानंतर मात्र काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. ‘तपासणी’ नावाचा वेगळा डेटाबेस केला. जुन्या फाइलीत जामीनदारांचं टेबल कुठल्या ओळीवर सुरू होतं आणि कुठे संपतं ते शोधून तेवढाच तुकडा कापला आणि तिथे उतरवला. ओळी आल्या, पण नावं वाचता येईनात. अर्धविराम, कंस आणि टोप्या घातलेली अक्षरं. गुरुजींनी, ते दुसऱ्या दिवशीही आले होते, सुटकेचा निःश्वास टाकला. संस्थेने युनिकोड स्वीकारलं ते या बॅकअपनंतर. त्याआधीची मराठी सी-डॅकच्या आयएसएममधली होती. काका कपाटाकडे गेले, ‘फाँट – टाकू नये’ लिहिलेली सीडी घेऊन आले, आणि तासाभरात गावातली प्रतिष्ठित मंडळी आडनावासह वाचता येऊ लागली.

पण दीड वर्षापूर्वीचे जामीनदार म्हणजे आजचे नव्हेत. ज्यांची कर्जं मधल्या काळात फिटली ते पुन्हा अडकले होते आणि जे नव्याने अडकले ते यादीत नव्हतेच. मधल्या काळातले बदल मायएसक्यूएलच्या नोंदवहीतून, बिनलॉग म्हणतात त्यातून, ओळीने परत चढवता आले असते. ती नोंदवही डिस्कवर जागा खाते म्हणून बंद केलेली होती. तेव्हा काकांनी कर्जाचं टेबल समोर धरलं, ज्या चालू कर्जाला जामीनदार नाही अशी कर्जं वेगळी काढली, आणि स्ट्राँगरूममधून त्यांचे करारनामे एकेक करून मागवले. इंजिनिअर वाचायचा, काका टाइप करायचे. बाहेर ज्यांची नावं मधल्या काळातली होती ते बाकावर बसून होते. रात्री उशिरा शेवटचा करारनामा संपला तेव्हा त्यातल्या एकाने आत डोकावून विचारलं, “सगळे सापडले?” काका म्हणाले, “सगळे.” तो काही न बोलता सायकल काढून गेला.

माझंही नाव सापडलं. काकांनी मला मुद्दाम बोलावून पडद्यावर दाखवलं, जणू मीच हरवलो होतो.

यानंतर संस्थेत दोन बदल झाले. इंजिनिअरच्या खऱ्या खिडकीची पार्श्वभूमी लाल केली गेली. आणि त्याने मायएसक्यूएलला ‘आय ॲम अ डमी’ हा पर्याय लावला. या नावाचा पर्याय त्यात खरोखर आहे. अट न घालता केलेलं ‘डिलीट’ तो अडवतो. ‘ड्रॉप’ अडवत नाही, पण मुलाला ते प्रायश्चित्त म्हणून पुरलं. काका मात्र आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक बॅकअप ‘तपासणी’त उतरवून बघतात, आणि त्यासाठी नेहमी जामीनदारांचंच टेबल निवडतात.

मासिक सभेत काकांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला गेला. सूचक व्हाइस चेअरमन होते. अनुमोदक मिळाला नाही. संचालकांपैकी बहुतेक जण कोणाचे ना कोणाचे जामीनदार आहेत. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे.